एकसष्टीची तवारीख

मी शेठचं चरित्र लिहिलं ते त्याला बुडवण्यासाठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्याच्या घरचा चहा पिऊन मी त्याच्यावर उलटलो असं म्हणणाऱ्यांचे कष्ट वाचतील. चहा प्यालो. बशीत ओतून, फुंकर घालून प्यालो. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

शेठ म्हणजे आमच्या भागातला जमीनदार. बोईसरपासून पामपर्यंत भाताची खाचरं त्याची, माळावरची गवताची कुरणं त्याची, पालघरात स्टेशनाजवळ गवताची वखार आणि तिच्या पलीकडे बंगला. माझा बाप त्याचं कूळ. कुंभवलीच्या अलीकडे ओढ्याला लागून असलेली खाचरं आजा कसत आला, मग बाप कसत आला. कुळांना जमीन मिळणार असा कायदा येतो आहे, हे आमच्या आधी शेठला कळलं. त्या पावसाळ्यात रोप वीतभर वर आलं होतं, आवणी, म्हणजे रोपांची लावणी, तोंडावर होती. शेठच्या माणसांनी त्याची गुरं रोपात सोडली. भर दुपारी, सगळ्या गावादेखत. रोप गेलं की आवणी गेली, आणि आवणी गेली की वर्षाचं भात गेलं. पोटं रिकामी झाल्यावर शेठने एकेकाला बंगल्यावर बोलावलं आणि कागदावर अंगठे घेतले: आम्ही जमीन स्वखुशीने सोडतो.

माझ्या बापाने अंगठा दिला नाही. मग शेठने त्याला बांधावरून हाकललं आणि दुसरा रस्ता काढला. हा माणूस माझं कूळ नव्हताच, ही जमीन मी आधीपासून घरीच कसतो, असं त्याने मामलेदार कचेरीत लिहून दिलं. बापाने दावा लावला. दाव्यातला प्रश्न एकच होता: बाप ती जमीन कसत होता की नव्हता? अख्ख्या गावाला उत्तर ठाऊक होतं आणि साक्षीला एक माणूस येत नव्हता. ज्यांच्या रोपात गुरं फिरली तेच लोक आता शेठच्या कुरणात गवत कापायला जात होते. तारखा पडत राहिल्या. बाप प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर नेसून पालघरला जायचा आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचा.

मी पत्रकांवर वाढलो. अक्षरशः. आमच्या घराच्या कुडातून वारा यायचा, म्हणून शेतकरी चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने टाकून दिलेले पत्रकांचे गठ्ठे आईने पेजेने कुडावर चिकटवले. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे निम्मी पत्रकं उलटी लागली. मी अंथरुणावर पडून ती वाचायला शिकलो. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. नराधम, रक्तपिपासू, गोरगरिबांचा कर्दनकाळ, असले शब्द मी शेठसाठी खर्च केले. एकदा वखारीवरून जाताना पाहिलं तर शेठचा दिवाणजी माझ्याच पत्रकात तंबाखू बांधून घेत होता. मला बघून त्याने पुडीची मुद्दाम नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

याच वखारीच्या मागे, शेठच्याच मालकीच्या खोलीत, फार्सीचे एक निवृत्त मास्तर राहायचे. मुंबईच्या शाळेत आयुष्यभर फार्सी शिकवून उतारवयात गावाकडे आलेले. एका बादशहाच्या कारकिर्दीची दरबारी तवारीख त्यांनी मराठीत आणायला घेतली होती, पण मोतीबिंदूने डोळे अधू झाले. मूळ पोथीची निम्मी पानं त्यांना पाठ होती. उरलेली ते भिंग डोळ्याला लावून, एकेक ओळ हुंगल्यासारखी वाचायचे. लिहून घ्यायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मी सायकलने बोईसरहून जायचो. मास्तर सांगायचे, मी लिहायचो, आणि बाहेर गवताच्या गासड्या दाबणाऱ्या यंत्राचा कुरकुराट दिवसभर चालायचा.

पहिले काही आठवडे मला त्या तवारिखेचा संताप यायचा. दर वर्षाची सुरुवात नवरोजच्या दरबाराने, मग बादशहाची सोन्याने तुला, मग कोणाला किती हत्ती आणि कोणाला कसला पोशाख. बादशहा शिंकला तरी जगावर कृपा. एका दुपारी मास्तरांनी सांगितलं की अमुक प्रांतातल्या फितुरांचा माज उतरवण्यासाठी स्वारी निघाली आणि विजयी फौजेच्या घोड्यांना त्यांचं उभं पीक चारण्यात आलं. मी टाक खाली ठेवला. म्हटलं, मास्तर, ही भाडोत्री खुशामत मी का लिहून घ्यावी? या माणसाने पोट जाळायला खोटं लिहिलं आहे.

मास्तरांनी भिंग बाजूला ठेवलं.

“खोटं कुठे आहे ते दाखव,” ते म्हणाले. “घोड्यांनी पीक खाल्लं, हे खोटं आहे? बादशहाला लाज वाटली असती तर हा गप्प बसला असता. तो गप्प बसलेला नाही. म्हणजे पीक खाल्लं, आणि वर त्याचा अभिमान होता. तुझ्या पत्रकवाल्यांना जन्मात मिळाली नसती अशी साक्ष त्याने सोन्याच्या शाईत लिहून ठेवली आहे.”

मग त्यांनी दरबाराची रीत सांगितली. वाकनीस, म्हणजे दरबारचा बातमी-लेखक, आधी कच्चं लिहायचा. ते बादशहापुढे मोठ्याने वाचलं जायचं. बादशहा हवं ते घालायला सांगायचा, नको ते काढायला लावायचा. ऐकवल्याशिवाय पान कायम होत नसे. म्हणून, मास्तर म्हणाले, या पुस्तकात जी जी क्रूर गोष्ट आहे ती बादशहाच्या कानावरून गेली आहे आणि त्याला ती आवडली आहे. त्या दिवशी घरी जाताना मी सायकलवरून उतरलो आणि बराच वेळ नुसता चालत राहिलो. नराधम हा शब्द मी त्यानंतर कधी लिहिला नाही.

शेठ अधूनमधून मास्तरांच्या ओटीवर येऊन बसायचा. खोली त्याची असल्यामुळे त्याला बोलवावं लागत नसे. बादशहाच्या गोष्टी त्याला फार आवडायच्या. लढाईचं पान असलं की मांडी ठोकायचा. त्याची एकसष्टी जवळ आली होती आणि मोठा सोहळा ठरत होता. एके दिवशी तुलेचं वर्णन ऐकता ऐकता तो म्हणाला की मास्तर, आपलीही अशी तवारीख पाहिजे, एकसष्टीला मांडवात वाचू. मास्तरांनी डोळ्यांकडे बोट केलं. तेव्हा शेठने माझ्याकडे पाहिलं आणि हा कोणाचा म्हणून विचारलं. मास्तरांनी सांगितलं. शेठ माझ्याकडे बघत राहिला आणि मग पोट हलेपर्यंत हसला.

“याच्या बापाला साधा अंगठा उमटवता येईना,” तो म्हणाला, “आणि पोरगा माझी तवारीख लिहिणार. मग तर हाच पाहिजे.”

हरलेल्या राजांची मुलं बादशहाच्या दरबारात हात बांधून उभी असत, तसली पानं त्याने ऐकली होती. त्याला माझं अक्षर नको होतं, मला उभं करायचं होतं. मी लगेच हो म्हटलं. मास्तर फक्त एवढंच बोलले की रीत मात्र दरबाराची राहील. प्रत्येक भाग शेठना वाचून दाखवायचा आणि शेठ म्हणतील ते शेवटचं. शेठला हे फारच पसंत पडलं. माझ्या मनात काय आहे ते मास्तरांनी ओळखलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

घरी ही बातमी माझ्या आधी पोचली. बाप माझ्याशी बोलेनासा झाला. मी जेवायला बसलो की आईला सांगायचा, “शेठचा माणूस आला, त्याला भाकर वाड गो.” आई वाढायची आणि चुलीकडे तोंड करून बसायची. मी बापाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला थांबवलं असतं. त्याला त्याची जमीन सरळ रस्त्याने हवी होती. मला ती कोणत्याही रस्त्याने हवी होती, आणि जमिनीबरोबर शेठचं नाकही हवं होतं.

बंगल्याच्या पडवीत झोपाळा होता. शेठ झोपाळ्यावर, मी समोर सतरंजीवर. लहानपण, लग्न, वखार, देवळाचा कळस, हे भाग मी गोड गोड लिहिले. गरिबांचा आधार, दातृत्वाचा सागर. शेठ ऐकत होता खरा, पण जांभया देत होता. स्तुती त्याला रोज मिळत होती, दिवाणजीच पुरवायचा. मग मी जमिनीचा भाग वाचायला घेतला. त्यात मी मुद्दाम कचेरीत शेठने सांगितलं होतं तेच लिहिलं होतं, शब्दाला शब्द: कायदा येण्यापूर्वी बहुतेक कुळांनी स्वखुशीने जमिनी परत केल्या आणि ओढ्याकाठची जमीन तर शेठ पहिल्यापासून घरीच कसत होते.

झोपाळा थांबला.

“स्वखुशीने?” शेठ म्हणाला. “स्वखुशीने जमीन कोण देतो रे? मग मी काय केलं?”

मी म्हटलं, कचेरीत असंच आहे, म्हणून असं लिहिलं.

“कचेरीतलं कचेरीत. ही माझी तवारीख आहे ना? ते बादशहाचं कसं आहे, माज उतरवला, घोडे घातले. आणि माझं काय, कुळं आली आणि जमीन ठेवून गेली? लोक म्हणतील वाण्याने दुकान चालवलं. खोड ते.”

मी खोडलं. शेठ झोपाळ्यावरून उतरला आणि येरझाऱ्या घालत सांगू लागला. सगळा मुलूख बिथरला होता, लाल बावट्यावाले रोज सभा घेत होते, बाकीचे जमीनदार घाबरून मुंबईला पळाले, मी एकटा पाय रोवून उभा राहिलो. रोप वीतभर आलं असताना गुरं आत घातली. एकाही मर्दाची आडवं यायची हिंमत झाली नाही. एका पावसात सगळी जमीन हाताखाली आली. मी लिहीत होतो. कोणाकोणाच्या रोपात घातली तेही त्याने एकेक करून सांगितलं, जसे बादशहाच्या पानावर जिंकलेले किल्ले मोजतात. मग माझ्यासमोर येऊन थांबला.

“आणि तुझ्या बापाचंही लिही. सगळ्यात शेवटी वाकला तो. लिही, सर्वांत हट्टी कूळ. त्याला काढायला मला स्वतः बांधावर यावं लागलं. हे त्याच्या पोराच्या हाताने लिहिलेलं पाहिजे.”

मी लिहिलं. मग रिवाजाप्रमाणे सगळं पान त्याला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी त्याने जांभई दिली नाही. दिवाणजी दारात उभा होता, त्याने खाकरून म्हटलं की शेठ, हे जरा जपून, दावा चालू आहे. शेठने त्याला कारकून म्हणून हाकललं आणि मला दुसरा चहा मागवला. तोच तो चहा.

सोहळा शाळेच्या पटांगणात होता. शेठने मला बंद गळ्याचा कोट दिला, दरबारात मानाचा पोशाख देतात तसा. बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या. पुढे खुर्च्यांवर व्यापारी, वकील, तारापूरच्या बांधकामावर खडी पुरवणारे शेठचे भागीदार. मागे जमिनीवर गावोगावची कुळं, ट्रकांतून आणलेली, बुंदीच्या जेवणाच्या आशेने आलेली आणि न आल्यास काय होईल या भीतीनेही. मंचावर प्रमुख पाहुणा म्हणून मामलेदार बसला होता, नुकताच बदलून आलेला. माझ्या बापाच्या दाव्याचा निकाल देणारा माणूस शेठचा हार गळ्यात घालून पेढा खात होता. एरवी मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. त्या दिवशी मला तो तिथे हवाच होता.

बाप मागच्या रांगेत होता. आईने आणला असावा. तो माझ्याकडे नाही, माझ्या कोटाकडे बघत होता.

मी वाचायला लागलो. कर्ण्यातून माझा आवाज स्टेशनापर्यंत जात होता. दातृत्वाचा सागर झाला, देवळाचा कळस झाला, टाळ्या झाल्या. बांधकामावरचे दोन-तीन हिंदी बोलणारे मुकादम एकमेकांना “क्या बोला, क्या बोला” विचारत सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते. मग मी ते पान घेतलं. सावकाश वाचलं. गुरं वाचली, रोप वाचलं, एकेक नाव वाचलं. मागच्या बाजूला मुलं कलकलत होती ती गप्प झाली. बायका डोक्यावरचे पदर धरून ऐकत होत्या. जी गोष्ट ते लोक घरातही दबक्या आवाजात बोलत होते ती कर्ण्यातून त्यांच्या डोक्यावर येऊन पडत होती. शेवटी मी सर्वांत हट्टी कुळाचं वाक्य वाचलं. पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाप उभा राहिला. शेठच्या माणसांनी त्याला खाली ओढलं. तो पुन्हा उभा राहिला.

“मालक,” तो म्हणाला, “येक इच्यारतो. गुरां सोडली ती आमच्याच रोपात ना? मंग आमी कसत व्हतो ना तवा?”

दिवाणजी मंचाकडे धावला. शेठने त्याला हातानेच अडवलं. आज त्याचा दरबार होता आणि एक कूळ सवाल करत होतं. नाही म्हणायचं तर आपलीच तवारीख खोटी ठरत होती, व्यापाऱ्यांसमोर, आताच टाळ्या झालेल्या असताना. पण खरं सांगतो, तो अडचणीत सापडला होता असं मला त्याच्या तोंडावर दिसलं नाही. तो मजेत होता. त्याने माझ्या हातून माईक घेतला.

“कसत होतास म्हणून तर काढला,” शेठ म्हणाला. “नाहीतर काय मी वारा हाकलला?”

खुर्च्या हसल्या. हसणं विरलं तेव्हा लक्षात आलं की मामलेदार हसलेला नाही. त्याने पेढा बशीत ठेवला, गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि जागेवरूनच, कर्ण्याशिवाय, मागच्या लोकांना विचारलं की आणखी कोणाच्या रोपात गुरं सोडली होती. मग एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली की माज्या. तिच्या शेजारचा म्हणाला, आमच्याबी. कोणी उठलं नाही, हात वर केला नाही. बसूनच सांगत गेले, जशी हजेरी चालली आहे. शेठ माईक हातात धरून प्रत्येक नव्या आवाजाकडे मान वळवत होता. त्याचं ते तोंड मी पोटभर पाहिलं. कोणाला त्यात क्षुद्रपणा वाटत असेल तर वाटो. ज्याने वीतभर रोप गुरांच्या खुराखाली गेलेलं पाहिलं आहे त्याला वाटणार नाही.

पुढच्या तारखेला शेठचा वकील मुंबईहून आला. त्याने सांगितलं की ही सगळी साहित्यिक अतिशयोक्ती आहे, गौरवाच्या लेखनात लेखक पदरचं घालतात, आणि शेठ मांडवात बोलले ती थट्टा होती. मला साक्षीला उभं केलं. मी सांगितलं की मी आधी ‘कुळांनी स्वखुशीने जमिनी दिल्या’ असंच लिहिलं होतं, शेठना ते पटलं नाही, त्यांनी ते खोडायला लावून दुसरं सांगितलं, आणि ते मी त्यांना पुन्हा वाचून दाखवलं. वकिलाने विचारलं की तुमचा शेठवर राग आहे का.

“आहे,” मी म्हटलं. “पण ती वाक्यं त्यांची आहेत.”

माझ्या साक्षीने निकाल लागला असं मी म्हणणार नाही. निकाल लागला तो म्हातारीच्या साक्षीने आणि तिच्यामागून आलेल्यांच्या. मालकाने स्वतःच्या तोंडाने सगळ्यांसमोर सांगितलं, आता आमी सांगायला काय झालं, असं ती कचेरीत म्हणाली. इतकी वर्षं ते शेठला घाबरत होते. पण शेठ जे मांडवात मिरवतो ते आपण कचेरीत का लपवावं, हे त्यांच्या मनाला पटेना. खुर्ची आणीपर्यंत शेठला त्या दिवशी आमच्या बरोबरीने व्हरांड्यात उभं राहावं लागलं. खुर्ची आणायला शिपायाने बराच वेळ लावला. त्या शिपायाचा मी ऋणी आहे.

ओढ्याकाठची खाचरं बापाची ठरली. अंगठे दिलेल्यांची भांडणं अजून चालू आहेत. काहींना जमीन मिळाली, काहींना नाही, आणि ज्यांना नाही त्यांची पत्रकं मी लिहितो, आता विशेषणांशिवाय. शेठने मास्तरांना खोली सोडायला लावली. मास्तर आमच्याकडे राहायला आले, तवारिखेच्या पोथीसकट, आणि आमच्या पडवीत बादशहाची उरलेली वर्षं आम्ही पुरी करतो आहोत.

पहिली आवणी झाली त्या संध्याकाळी बाप बांधावर पाय धूत होता. मी शेजारी उभा होतो. बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी आपणहून बोलला.

“जमीन आली,” तो म्हणाला. “आता त्याला सोड.”

बापाचा शब्द मी मोडत नाही, पण हा मी मोडला आहे. तवारीख पुढे सरकली तसं माझ्या ध्यानात आलं की बादशहाविरुद्ध जे उभे राहिले, लढले, हरले, त्यांना दरबारी लेखक नावाने हाक मारत नाही. तो कमनशिबी, तो दुर्दैवी, एवढंच. पीक चारून, गढी पाडून झाल्यावरही एक शिक्षा शिल्लक ठेवलेली असायची, आणि ती लेखकाच्या हातात असायची. बापाचं नाव आता सातबाऱ्यावर चढलं आहे. ज्याला हवं त्याने तलाठ्याकडे जाऊन वाचावं. शेठचं नाव मला झोपेतही येतं. ते मी इथे लिहिलेलं नाही, आणि कुठेही लिहिणार नाही.